दहा वर्षांनंतरचा सोमवार

"डोळे मीट," साळोखे मॅडम म्हणाल्या. "आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

मी डोळे मिटले. पाठीखाली उन्हानं कोमट झालेला कातळ होता आणि डोक्याखाली माझीच सॅक. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. मिटल्या पापण्यांवर ऊन यायचं, रेंगाळायचं आणि निघून जायचं. पोटात दोन भाकऱ्या, झुणका आणि फरझानाच्या आईनं दिलेला जाळ खर्डा होता. अशा वेळी माणसाला त्याचं भविष्य विचारू नये. झोप येते.

पण आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात मॅडमची ही रीतच होती. प्रबंध सादर करायच्या बेतात असलेल्या विद्यार्थ्यांना त्या भाद्रपद सरता सरता वाघदेवाच्या सड्यावर घेऊन यायच्या. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळी मैदान. एरवी ओकंबोकं, आणि त्या दिवसांत फुलांनी असं भरलेलं की पाय कुठं टाकावा कळू नये. सकाळभर वाकून वाकून गवतं बघायची, दुपारी जेवायचं आणि मग एकेकानं कातळावर उताणं पडून आपला सोमवार सांगायचा. आजचा नव्हे, दहा वर्षांनंतरचा. सकाळी जाग येण्यापासून रात्री झोप लागेपर्यंत, जणू आत्ता घडतोय असा.

सोमवारच का, असं पूर्वी कुणीतरी विचारलं होतं म्हणे. मॅडम म्हणाल्या होत्या, "रविवारी काय, सगळेच सुखी असतात."

बाकीच्यांनी बाजूला बसून प्रश्न विचारायचे. काय दिसतंय, कोण आहे, वास कसला येतोय, एवढेच. 'का' विचारायचं नाही. सांगणाऱ्यानं पदाचं नाव घ्यायचं नाही आणि पगार तर मुळीच सांगायचा नाही. विद्यापीठात तेव्हा करिअर मार्गदर्शनाचा एक कक्ष नुकताच निघाला होता. त्याच्या दारावर शिडी चढणाऱ्या टायवाल्या माणसाचं चित्र होतं. मॅडम त्याला 'आपलं माकड' म्हणायच्या आणि आम्हांला सांगायच्या, "तिथं जरूर जा, माहिती चांगली देतात. पण आधी कुठं जायचंय ते बघा, मग शिडी मागा."

त्या वर्षी आम्ही तिघं होतो. अभिनंदन मगदूम, फरझाना मुजावर आणि मी, सुनीत चौगुले. त्या दोघांचे सोमवार सांगून झाले होते आणि आता माझी पाळी होती.

खरं म्हणजे माझ्या सोमवारात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो सगळ्यांना पाठ होता. मॅडम येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेची जाहिरात निघाली होती, मुलाखत पंधरवड्यावर आली होती, आणि विभागातल्या शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे ती जागा माझीच धरून चालले होते. मी मॅडमचा गवताचा विद्यार्थी. त्यांची कपाटं मी लावलेली, त्यांचे तास मी घेतलेले. गडहिंग्लजच्या बाजूला आमच्या गावात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 'पोरगं प्राध्यापक झालं' असं सांगूनही टाकलं होतं. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. व्याकरणाचे कडक. पण माझ्या बाबतीत ते भविष्यकाळ वापरायला तयार नव्हते.

अभिनंदननं मात्र मजा केली होती. त्याला हैदराबादच्या एका बियाणं कंपनीत जायचं होतं आणि तो तयारीनं आला होता. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, खाली उभी असलेली गाडी, सगळं त्यानं झोकात सांगितलं. मग मॅडमनी विचारलं होतं, "वास कसला येतोय?"

"गुळाचा," अभिनंदन झोपाळल्या आवाजात म्हणाला होता.

"हैदराबादला?" फरझाना.

"व्हय. ढेपा लावल्यात नव्हं भिंतीला. दादा तराजूपाशी बसलेत. आज आवक लई हाय."

दादा म्हणजे त्याचे वडील. त्यांची कोल्हापुरात गुळाची अडत होती आणि आपल्याला तिथं कधीही बसायचं नाही, असं अभिनंदन चार वर्षं आम्हांला सांगत आला होता. आम्ही इतके हसलो की पलीकडच्या डबक्यातला बगळा उडून गेला. अभिनंदन उठून बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "झोपंत काय बी दिसतंय," असं म्हणून त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

फरझानाचा सोमवार अगदी शांत होता. कुठलंसं थंड गाव, मोठी खिडकी, खिडकीबाहेर बर्फ. ती सूक्ष्मदर्शकाखाली परागकण बघतेय आणि खोलीत कुणी कुणाशी बोलत नाही.

"एकटं वाटतंय?" मी विचारलं होतं.

"छे! लई झकास वाटालंय," ती म्हणाली होती. फरझाना पक्की कोल्हापूरची, स्वतःबद्दल बोलताना पोरासारखंच बोलायची. "मी सकाळपास्नं काम करालोय, आणि आत्तापर्यंत एकानंबी मला लग्नाचं विचारलं नाही." बोलता बोलता तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं.

आणि आता मी.

"उठलास का?" मॅडमनी विचारलं.

"उठलो. कॅम्पसमधलं क्वार्टर आहे. चालत निघालोय. विभागाचा जिना चढतोय."

"पुढं?"

"डाव्या हाताची खोली. कुलूप काढलं. खिडकीबाहेर शिरीष आहे."

"टेबलावर काय आहे?"

"भिंग. टिपकागद. वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेली गवतं." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटत होता. कुठंतरी मधमाश्या गुणगुणत होत्या. "खुर्चीत बसलोय. चहा आलाय."

"कशात?"

"स्टीलच्या पेल्यात. कोरा. गवती चहा घातलेला."

"कोरा?" फरझाना फिसकन हसली. "तुला कोरा चालतोय? साय आल्याशिवाय पीत नाहीस की तू."

"बसलायस कसा?" मॅडमचा आवाज होता.

"खुर्चीवर मांडी घालून. चपला खाली काढल्यात."

"सुन्या," अभिनंदन म्हणाला, "साडी कुठल्या रंगाची नेसलायस तेवढं सांग गड्या."

दोघं हसायला लागले. मलाही हसू आलं. मग लक्षात आलं की मॅडम हसत नाहीयेत. मी डोळे उघडायला गेलो तर त्यांचा हात माझ्या कपाळावर आला. त्या हाताला चुरगळलेल्या गवताचा वास होता.

"उघडू नकोस. हा माझा सोमवार आहे, सुनीत. जसाच्या तसा उचललायस."

"मॅडम, सवयीनं..."

"आणि खरं सांगायचं तर माझाही नाही. मांडी घालून बसायचे ते देवस्थळी सर. माझे गाइड. पेला त्यांचाच आहे. कोरा चहा मला बिलकूल आवडायचा नाही. दोन वर्षं मी तो काढा प्यावा तसा प्यायले. मग आवडायला लागला." त्या थोडं थांबल्या. "की आवडतो असं वाटायला लागलं, कुणास ठाऊक. बरं, वर्ग दिसतोय का?"

"बाकं दिसतायत."

"मुलं?"

मी बघितलं. खरंच नीट बघितलं. बाकं होती, फळा होता, वर पंखा फिरत होता. एकही चेहरा दिसेना.

"नाही," मी म्हणालो.

"असू दे. आता ऊठ. चपला घाल. खोलीबाहेर ये आणि दार ओढून घे. आता सांग, पायाखाली काय आहे?"

मला वाटलं, जिना. पण जिना नव्हता. दार ओढलं आणि समोर लख्ख ऊन पडलेलं. डोळ्यांपुढं नुसता लाल रंग पसरला.

"मुरूम आहे," मी म्हणालो. "लाल. गरम झालाय. उतार आहे."

"कुठला?"

"समोरचा. खाणीचा."

सड्याच्या पलीकडे, मधली दरी ओलांडली की, एक डोंगर होता. बॉक्साइटसाठी त्याचा माथा खरवडून नेला होता. खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यावर काडी उगवलेली नव्हती. त्या सकाळी धुक्याच्या फटीतून तो दिसला तेव्हा मी नेहमीप्रमाणे मान वळवली होती. इकडे एवढी फुलं आणि समोर ते बोडकं. बघवायचं नाही.

"हातात काय आहे?" फरझानानं विचारलं. तिचा आवाज आता चेष्टेचा नव्हता.

"पोतं. पवन्या गवताचं बी आहे त्यात. दिवाळीनंतर गोळा केलेलं. वजनाला काहीच नाही, पण कुसं टोचतायत."

"सोबत कोण हाय?" अभिनंदननं विचारलं.

"बायका आहेत. खालच्या वाडीतल्या. एकजण मला हसतेय."

"का?"

"'का' विचारायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय, साहेब, गवत कधी कोण पेरतंय व्हय? ते आपसूक येतंय की. मी सांगतोय, इथं नाही येत मावशी, इथली मातीच नेली. ती म्हणतेय, मग आधी माती आणा."

"मग?"

"मग आम्ही माती आणतोय." मला हसू यायला लागलं. झोपेत येतं तसं, घशातल्या घशात. "टोपल्यांनी. तळ्यातला गाळ आहे. शेणाचा वास येतोय. गाळात शेण कालवून त्यात बी घालतोय आणि मुठीनं दाबून लावतोय. बांध घातलेत दगडांचे, आडवे, म्हणजे पाणी ओढून नेणार नाही. वरच्या बांधापाशी कुसळी आलेली आहे. गेल्या वर्षीची. वाऱ्यावर हलतेय."

"केवढी?"

"गुडघ्याएवढी. तिच्यात चंडोल शिरलाय."

मी किती वेळ बोलत होतो मला माहीत नाही. सगळ्यांनी प्रश्न विचारायचं थांबवलं होतं आणि तरी मला दिसतच होतं. दुपारी वाडीतल्या कुणाच्या तरी पडवीत जेवलो. कुणीतरी फोन करून रागावलं. संध्याकाळी गुरं आली, त्यांना हाकलता हाकलता नाकी नऊ आले. त्यात एक रेडा होता, तो काही केल्या ऐकेना. शेवटी मी त्याला समजावून सांगायला लागलो की अजून दोन वर्षं कळ काढ, मग तुझंच आहे सगळं. आणि त्यानं ऐकलं. मला एवढा आनंद झाला, एवढा झाला, की मी जागा झालो.

वर पांढरं आभाळ होतं. धुकं परत आलं होतं आणि सगळी फुलं त्यात बुडाली होती. मी उठून बसलो. तिघं माझ्याकडे बघत होते.

"लई भारी, सुन्या," अभिनंदन हळूच म्हणाला.

"पगार कोण देतंय पण?" फरझानानं विचारलं.

"ते दिसलं नाही," मी म्हणालो, आणि आनंद ओसरून एकदम भीती वाटली. पंधरवड्यावर मुलाखत होती. अण्णा होते. मॅडम तर समोरच बसल्या होत्या. "मॅडम, हे काही खरं नाही. अशी नोकरीच नसते कुठं."

"नसते," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे अजून तरी नाही. दिसलं म्हणून होतंच असंही नाही, बाबा. मला आधीच्या पोरांनी काय काय सोमवार सांगितलेत! एकानं तर जहाज सांगितलं होतं. आता सांगलीत बँकेत आहे, बरा आहे." त्यांनी गवताची एक काडी तोडून दातांत धरली. "पण वर्गात मुलं दिसली नाहीत आणि डोंगरावर रेडासुद्धा दिसला. एवढं खरं."

कातळावरून पाणी झिरपत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता.

फरझाना पुढं सरकली. "मॅडम, आता तुमचा," ती म्हणाली.

"माझा कसला? मेमध्ये मी घरी."

"म्हणूनच की. सोमवार काय तुम्हांला यायचा थांबतोय व्हय? झोपा. मी विचारतो प्रश्न."

आम्हांला वाटलं, त्या दटावतील. पण त्यांनी पदर खोचला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि सरळ कातळावर आडव्या झाल्या. आम्ही मॅडमना असं कधी बघितलं नव्हतं. चष्म्याशिवाय त्या कुणीतरी वेगळ्याच दिसत होत्या, आमच्याच वयाच्या कुणीतरी.

"उठलासा?" फरझानानं विचारलं.

धुकं आमच्या मधून सरकत राहिलं.

"मॅडम?"

"उठलेय," त्या म्हणाल्या. "घर आवरलं. पेपर वाचून झाला. दहा वाजतायत. विभागात निघालेय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. निवृत्तीनंतर?

"जिना चढते. गुडघा दुखतोय. थांबत थांबत चढते. खोलीचं दार उघडंच आहे." त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. "आत सुनीत आहे. मला बघून उठतो, खुर्ची देतो. माझा पेला धुऊन ठेवलाय. एक गवत पुढं करतो. म्हणतो, मॅडम, हे जरा बघा, ओळखू येईना मला. त्याला ओळखू येतं खरं म्हणजे. मला बरं वाटावं म्हणून..."

त्या थांबल्या.

मग उठून बसल्या. डोळे उघडले, चष्म्यासाठी हात पुढं केला. मी तो दिला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं मी समजत होते की मी तुला त्या जागेसाठी तयार करतेय. तुझं भलं होईल म्हणून." त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं केलं मी. तुलाच रुमाल केला."

"मॅडम, असं काही नाही," मी म्हणालो. "मला चालेल. खरंच चालेल. मी येतो मुलाखतीला. तुम्ही रोज या. मी खुर्ची देईन."

हे मी मनापासून बोललो. अगदी मनापासून. गावाकडून आलेल्या, धड बोलता न येणाऱ्या पोराला त्या बाईंनी जग बघायला शिकवलं होतं. भिंगाखाली धरलेलं गवताचं एक इवलं फूल दाखवत त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, 'घाई करू नकोस, ते कुठं जात नाही.' त्यांच्यासाठी एक डोंगर सोडायला माझी काही हरकत नव्हती. तो तर नुसता दिसला होता.

"देशील," मॅडम म्हणाल्या. "ठाऊक आहे मला. तीच तर भीती आहे."

मग त्यांनी बाटल्या गोळा केल्या, खर्ड्याचा डबा फरझानाच्या पिशवीत घातला आणि आम्ही उतरायला लागलो. धुक्यात पुढं चाललेल्या मॅडम मधूनच नाहीशा व्हायच्या आणि मग पुन्हा, थोड्या खालच्या वळणावर, दिसायच्या.

मुलाखतीला अण्णा माझ्याबरोबर आले. परीटघडीचा सदरा, डोक्याला टोपी आणि हातातल्या पिशवीत पेढ्यांचा पुडा. मी म्हणालो, अहो, निकाल तरी लागू द्या. ते म्हणाले, "लागलेलाच आहे." मी त्यांना बाहेर गुलमोहराखालच्या बाकावर बसवून आत गेलो. ती जागा घ्यायचीच, हे माझं ठरलेलं होतं. निवृत्तीनंतर मॅडमना त्यांच्याच खोलीच्या दारात परक्यासारखं उभं राहायला लागता कामा नये.

समितीत पाचजण होते. विभागप्रमुख म्हणून मॅडम एका टोकाला बसल्या होत्या. बाकीच्यांनी विचारलं ते मी सांगत गेलो. प्रबंध, पेपर, अभ्यासक्रम, सगळं. एकदाही अडखळलो नाही. अध्यक्षांनी समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "साळोखे मॅडम, तुम्हांला काही विचारायचंय? तुमचाच विद्यार्थी म्हणा."

"एकच," मॅडम म्हणाल्या. त्या थेट माझ्याकडे बघत होत्या. "माती नसलेल्या उतारावर आधी काय पेराल?"

मला कळलं त्या काय करतायत. 'हा प्रश्न माझ्या विषयाच्या कक्षेत येत नाही' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. तेच म्हणायला मी तोंड उघडलं.

"कुसळी," मी म्हणालो. "तिला माती कमी लागते. पण आधी बांध घालायला हवेत, आडवे. नाहीतर पहिल्याच पावसात बी खाली ओढ्यात जाईल. आणि पवन्या घाईनं पेरायचा नाही, दोन वर्षं थांबायचं. गाळ तळ्यातलाच हवा, कारण..."

मी बोलत राहिलो. मला थांबताच येईना. गाळ कुठून येईल, कोणत्या वाडीची गुरं कुठं चरतात, त्यांना अडवलं तर लोक चिडतील म्हणून त्यांना आधी काय द्यावं लागेल. हे सगळं मला कधी सुचलं होतं कुणास ठाऊक. त्या पंधरा दिवसांत, झोपेत बहुधा. मी हातवारे करत होतो. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं, शेजारच्यांनी घसा खाकरला. एक मॅडम तेवढ्या ऐकत होत्या, हनुवटीखाली हात धरून, एखादं चांगलं गवत बघावं तशा.

मी एकदाचा थांबलो.

"मी चौगुल्यांच्या समोरच बोलते, मागं नको," मॅडम म्हणाल्या. "ह्या जागेवर ह्यांची नेमणूक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तसं नोंदवून घ्या."

अध्यक्ष गोंधळले. "अहो, तुमचाच विद्यार्थी ना हा?"

"म्हणून तर खात्रीनं सांगतेय."

त्यांचा आवाज स्वच्छ होता. फक्त टेबलाखाली त्यांनी दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते, ते मला दिसत होतं. त्या कशावर पाणी सोडत होत्या हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. ती जागा पुढं सोलापूरच्या एका बाईंना मिळाली. चांगल्या शिक्षिका निघाल्या. त्यांनी खोलीतलं टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं आणि मुलांसाठी चार खुर्च्या आणल्या. निवृत्त झाल्यावर मॅडम त्या जिन्याची एक पायरीही चढल्या नाहीत.

मी बाहेर आलो. गुलमोहराखाली अण्णा उभेच होते.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले, अण्णा."

"कोण नाही म्हणालं?"

"मॅडम. ह्याला घेऊ नका म्हणाल्या. नोंदवून घ्या म्हणाल्या."

अण्णांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पाच वर्षं राबवून घेतलं तुला! वैरीणसुद्धा असं करत नाही रे. कुठं आहे ती बाई? मी विचारतो तिला."

ते खरंच दाराकडे निघाले. मी त्यांचा दंड धरला. मला त्यांना समजावून सांगायचं होतं आणि काही केल्या शब्द सापडेना, कारण मला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही आवरत नव्हतं. माझं डोकं फिरलं असं वाटून ते घाबरले. त्यांनी मला बाकावर बसवलं, टोपी काढून वारा घातला. "असू दे, असू दे लेका," म्हणायला लागले. "दुसरीकडं बघू."

"अण्णा," मी म्हणालो, "ते पेढे काढा."

त्या घटनेला आता बरीच वर्षं झाली. समोरचा डोंगर अजून पुरता हिरवा झालेला नाही, आणि माझे पुष्कळसे सोमवार तालुक्याच्या कचेरीत परवानगीच्या कागदामागं धावण्यात जातात. मधल्या काळात मोठमोठ्या लोकांनी माझ्या कामाबद्दल चांगलं लिहिलं, व्यासपीठांवरून कौतुक केलं. पण त्या दिवशी पाच माणसांसमोर मॅडम माझ्याबद्दल जे बोलल्या, तितकं चांगलं माझ्याबद्दल पुन्हा कुणी बोललेलं नाही.